आभाळावरची गावे

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत पालक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



दक्षिण फ्रान्समध्ये तार्न नावाची नदी आहे आणि तिच्याच नावाचा एक जिल्हा आहे. त्या जिल्ह्यात, आल्बी नगरापासून वायव्येला सुमारे पंचवीस किलोमीटरवर, सेरू नदीच्या काठी एक सुटी टेकडी उभी आहे. शरद ऋतूतल्या पहाटे नदीचे खोरे धुक्याने काठोकाठ भरते. शेते, रस्ते, खालची वस्ती सारे त्या पांढऱ्या पुरात बुडून जाते. वर उरतात टेकडीच्या माथ्यावरची घरे, एखादा मनोरा आणि तटाची एक कड. पाहणाऱ्याला वाटावे, की हे गाव जमिनीवर नाहीच. या गावाचे नाव कोर्द. १९९३ साली त्याला 'स्युर-स्येल', म्हणजे 'आभाळावरचे', अशी जोड अधिकृतपणे मिळाली. आठशे वर्षांच्या गावाला हे काल-परवाचे आडनाव. त्यात पर्यटनाचा हिशेब नव्हता असे कोण म्हणेल? पण धुक्याची एक सकाळ पाहिली, की नाव खोटे आहे असेही म्हणवत नाही.

दक्षिण फ्रान्समध्ये अशी माथ्यावरची मध्ययुगीन गावे पुष्कळ आहेत. कोर्दच्या आसपासच प्युइसेल्सी, पेन, ब्रुनिकेल, कास्तेल्नो-द-मोंमिराल, नाजाक ही गावे एखाद्या दिवसाच्या प्रवासात गाठता येतील इतक्या अंतरावर विखुरलेली आहेत. मराठी माणसाला डोंगरमाथ्यावरची तटबंदी नवी नाही. ती दिसली, की त्याच्या मनात प्रथम गड येतो. येथे मात्र थोडे थांबावे लागते. आपल्याकडे गड शिबंदीचा, सत्तेचा. रयत बहुधा पायथ्याला. रायगडाखाली पाचाड वसते. पन्हाळ्यासारखी माथ्यावर नांदती वस्ती हा अपवाद. कोर्दला उलट आहे. तेथे तटाच्या आत विणकर, चांभार, सावकार, भटारी, पोरेबाळे सारे गावच राहत होते. किल्ल्याने गाव राखले असे न म्हणता, गावच किल्ला झाले असे म्हणणे अधिक योग्य.

हे घडले ते भीतीपोटी. तेराव्या शतकाच्या आरंभी या प्रदेशात काथार नावाचा एक ख्रिस्ती पंथ रुजला होता. रोमच्या चर्चला तो पाखंड वाटला. १२०९ साली पोप तिसरा इनोसंट याच्या आवाहनावरून उत्तरेकडील सरदारांची सैन्ये दक्षिणेत उतरली आणि ख्रिस्त्यांनी ख्रिस्त्यांविरुद्ध लढलेले ते धर्मयुद्ध वीस वर्षे चालले. आल्बीच्या नावावरूनच इतिहास त्याला ओळखतो. कोर्दजवळचे सें-मार्सेल हे गाव त्या धामधुमीत सिमों द मोंफोरच्या फौजेने उद्ध्वस्त केले. निराधार झालेल्या लोकांना ठिकाण हवे होते आणि तुलूझचा काउंट सातवा रेमों याला आपल्या मुलुखात पाय रोवायला जागा हवी होती. १२२२ साली त्याने कोर्दची सनद दिली. कास्तेल्नो-द-मोंमिरालची स्थापनाही त्याच वर्षाची मानली जाते.

सनद हा शब्द येथे महत्त्वाचा. नव्या गावात येऊन घर बांधणाऱ्याला काही हक्क लेखी मिळत, कर सौम्य असे, बाजार भरवण्याची मुभा असे आणि गावचा कारभार कॉन्सुल म्हणवणारे नगरपंच पाहत. अशा रीतीने मुद्दाम वसवलेल्या नव्या वसाहतींना 'बास्तीद' म्हणतात. पुढच्या दीडशे वर्षांत नैर्ऋत्य फ्रान्समध्ये त्या शेकड्यांनी उभ्या राहिल्या. सपाटीवरच्या बास्तीद पटाच्या चौकटीसारख्या सरळ आखलेल्या असतात. कोर्दला डोंगराने तसे करू दिले नाही. कणा अरुंद, उतार तीव्र. म्हणून रस्ते कण्याच्या लांबीने धावतात, आणि वस्ती वाढली तशी तटाची एकाबाहेर एक कडी पडत गेली.

आज पाहुण्याला गाडी पायथ्याशी ठेवून चढ चढावा लागतो. गुडघ्यांचा विचार करून नगरपालिकेने एक छोटी चाकांची आगगाडी ठेवली आहे खरी, पण शक्य असेल त्याने पायीच चढावे. दगडी फरसबंदी, दोन्ही अंगांनी दाटलेली घरे, वेशीमागून वेस. एका जागी 'पातेर नोस्तेर' नावाचा जिना लागतो. ख्रिस्ताने शिकवलेल्या त्या लॅटिन प्रार्थनेत जितके शब्द, तितक्या पायऱ्या, अशी त्याची ख्याती आहे. पायरीला एक शब्द म्हणत चढणाऱ्या म्हातारीला दम लागल्याचेही पुण्य मिळत असेल.

माथ्यावर पोचल्यावर मात्र चालणारा थबकतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस आणि चौदाव्या शतकात व्यापाऱ्यांनी बांधलेले ते वाडे! खालच्या मजल्यावर दुकानांच्या रुंद कमानी, वर टोकदार कमानींच्या जोडखिडक्यांची ओळ आणि भिंतीतून बाहेर झेपावणारी शिल्पे. एका वाड्यावर शिकारीचा देखावा आहे: धनुर्धर, कुत्रे, रानडुक्कर, पळणारा ससा. त्यावरून त्याला 'महाशिकाऱ्याचा वाडा' म्हणतात. दुसऱ्यावर ससाणे होते, म्हणून तो 'महाश्येनपालाचा वाडा'. नावे ऐकून राजदरबारातले मानकरी येथे राहत होते असे वाटेल. तसे काही नाही. ही नावे फार पुढच्या काळातल्या रसिकांनी शिल्पे पाहून ठेवली. राहणारे लोक कापड, कातडे आणि रंग यांवर पैसा मिळवलेले व्यापारी होते. युद्ध संपल्यावर कोर्दची भरभराट झाली आणि वस्ती पाच हजारांच्या घरात गेली असे सांगतात. आज ती हजाराच्याही आत आहे.

गावाच्या मध्यावर बाजाराची मोकळी ओसरी आहे. अष्टकोनी दगडी खांब, वर लाकडी छप्पर, आणि खाली एक विहीर. ती ११३ मीटरहून अधिक खोल आहे. आपल्याकडच्या मोठ्या मानलेल्या विहिरींशी तुलना करून पाहावी. हा डोंगर माणसांनी हाताने खोदला तो वेढ्याच्या धास्तीने. शत्रू पायथ्याला बसला, तर तहानेने शरण जावे लागू नये म्हणून. तीन धर्मचौकशी अधिकाऱ्यांना गावकऱ्यांनी या विहिरीत ढकलले अशी एक आख्यायिका आहे आणि पाहुण्यांना ती हमखास ऐकवली जाते. तिला पुराव्याचा आधार नाही. पण चौकशीची दहशत मात्र खरी होती. शेजारच्या नाजाकमध्ये काथार पंथाला थारा दिल्याचा दंड म्हणून ग्रामस्थांना आपल्या खर्चाने चर्च बांधावे लागले. ते चर्च आजही उभे आहे, आणि सुंदर आहे.

आता रंगाची गोष्ट. ती थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण तिचे एक टोक हिंदुस्थानात आहे. या टेकड्यांच्या पायथ्याच्या शेतांत पास्तेल नावाचे पिवळ्या फुलांचे झाड पिकत असे. फुले पिवळी, पण पानांत निळा रंग. पाने खुडायची, घाणीच्या दगडाखाली चिरडायची, त्या लगद्याचे मुठीएवढे गोळे वळायचे आणि वाळवायचे. या गोळ्यांना 'कोकान्य' म्हणत. पुढे ते फोडून, भिजवून, आंबवून रंग तयार होई आणि बोर्दोच्या बंदरातून इंग्लंड, फ्लँडर्स, स्पेन येथे जाई. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून शंभरएक वर्षे या निळ्या रंगाने तुलूझ आणि आल्बीचे व्यापारी गडगंज केले. फ्रेंचमध्ये 'कोकान्यचा देश' म्हणजे सुबत्तेचा, आयत्या सुखाचा देश. या भागातले लोक तो वाक्प्रचार आपल्याच गोळ्यांवरून आला असे मानतात.

मग समुद्रमार्गे दुसरी निळाई येऊ लागली. हिंदुस्थानातली नीळ. पास्तेल आणि नीळ यांतले रंगद्रव्य एकच; पण नीळ कितीतरी अधिक कसदार. त्यातच १५६२ पासून फ्रान्समध्ये धर्माच्या नावाने यादवी पेटली, रस्ते असुरक्षित झाले, सावकार बुडाले. चौथ्या हेन्रीने १६०९ साली नीळ वापरणाऱ्याला देहदंडाची धमकी देणारा हुकूम काढला, तरी पास्तेल सावरले नाही. आपल्याकडे नीळ म्हटली, की चंपारणचे शेतकरी आठवतात. त्या पिकाने युरोपातल्याही एका प्रदेशाची शेते ओस पाडली होती, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. अर्थात त्यात बिहारच्या किंवा गुजरातच्या शेतकऱ्याचा काही दोष नव्हता. त्याच्या वाट्याला दोन्हीकडून नुकसानच आले.

कोर्द त्यानंतर जणू झोपी गेले. पैसा नव्हता म्हणून जुने वाडे पाडून नवे बांधणे झाले नाही, आणि म्हणूनच ते आज पाहायला मिळतात. वारसा जपला जातो तो दर वेळी जाणिवेनेच असे नाही. कधी कधी तो दारिद्र्यानेही जपला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेनहून भरतकामाची यंत्रे आली. घराघरांत ती बसली आणि गावाला दोन पिढ्यांचे अन्न मिळाले. लाकोस्तच्या सदऱ्यांवरची इवलीशी मगर येथल्या यंत्रांवर भरली जाई, असे गावकरी अभिमानाने सांगतात. ती यंत्रेही थंडावली.

आणि त्याआधी पहिले महायुद्ध होऊन गेले होते. फ्रान्सच्या कोणत्याही खेड्यात जा, चर्चपाशी किंवा नगरपालिकेसमोर एक दगडी स्तंभ दिसतो. त्यावर १९१४ ते १९१८ या काळात मारल्या गेलेल्या गावच्या तरुणांची नावे कोरलेली असतात. त्या युद्धात फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक सैनिक गेले. शहरात तो आकडा असतो. माथ्यावरच्या लहान गावात ती आडनावे असतात. एकच आडनाव दोनदा, तीनदा येते. भाऊ भाऊ असावेत. जे परतले, त्यांतले अनेक कारखान्यांच्या, रेल्वेच्या नोकऱ्यांसाठी सपाटीवरच्या शहरांत गेले. माथ्यावर पाणी वाहायचे, चढ चढायचा, नांगर खाली न्यायचा. हे कष्ट कोण करणार? छपरे खचली. दारांना कुलपे लागली.

या पडक्या गावांना पहिले नवे रहिवासी मिळाले ते चित्रकार आणि कवी. ईव्ह ब्रायेर हा चित्रकार १९४० साली कोर्दमध्ये आला आणि त्याच्यामागून इतर आले. उत्तरेकडे लोत नदीवरच्या सें-सिर-लापोपी या कड्यावरच्या गावात अतियथार्थवादी कवी आंद्रे ब्रतों याने घर घेतले. अशा लोकांपाठोपाठ वृत्तपत्रे आली, छायाचित्रे आली, मग पाहुणे. १९८२ साली कोरेझ जिल्ह्यातल्या कोलोंज-ला-रूज या लाल दगडांच्या गावचे महापौर शार्ल सेराक यांनी 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर खेडी' या नावाची संघटना उभी केली. सभासद होण्यासाठी गावची वस्ती दोन हजारांच्या आत हवी आणि किमान दोन संरक्षित वास्तू अथवा स्थळे हवीत. कोर्द, प्युइसेल्सी, कास्तेल्नो-द-मोंमिराल, लोत्रेक ही सारी गावे त्या यादीत आहेत. या संघटनेने पुष्कळ छपरे वाचवली, याबद्दल शंका नको.

पण जुलै-ऑगस्टमध्ये कोर्दच्या चढावर माणसाला माणूस खेटत असतो, आणि जानेवारीत त्याच रस्त्यावर बंद खिडक्यांच्या लाकडी झडपांखेरीज काही दिसत नाही. अनेक घरे पॅरिसच्या, इंग्लंडच्या, हॉलंडच्या लोकांनी सुटीसाठी घेतलेली आहेत. त्यांनी ती प्रेमाने दुरुस्त केली हेही खरे, आणि त्यामुळे घरांच्या किमती गावच्या तरुण जोडप्याच्या आवाक्याबाहेर गेल्या हेही खरे. उन्हाळ्यात साबण, सुगंधी मेणबत्त्या आणि चित्रे विकणारी दहा दुकाने उघडी असतात. खिळे, दोरा, सुईची पुडी घ्यायला मात्र खाली उतरावे लागते. गाव सुंदर म्हणून वाचले. त्यात राहावे मात्र कुणी?

या प्रश्नाला बरे उत्तर सापडते ते लोत्रेकला. हेही टेकडीवरचे गाव. माथ्यावर पवनचक्की, कमानींच्या ओवऱ्यांचा चौक, लाकडी चौकटींची घरे. पण त्याचे खरे वैभव आहे गुलाबी लसूण. मध्ययुगात एका फेरीवाल्याने खानावळीचे बिल चुकवायला पैसे नव्हते म्हणून गुलाबी पाकळ्यांचा लसूण दिला आणि खानावळवाल्याने तो पेरला, अशी कथा सांगतात. लसूण हिवाळ्यात लावतात, जूनअखेर-जुलैत काढतात. या जातीला मधोमध कडक दांडा फुटतो. तो वेळेवर हाताने खुडावा लागतो, म्हणजे कांदा भरतो. वाळल्यावर त्याच्या जुड्या बांधतात, त्याही हातानेच. १९६६ साली या लसणाला फ्रान्सची 'लाल मुद्रा' हे दर्जाचे प्रमाणपत्र मिळाले आणि १९९६ साली युरोपीय भौगोलिक मानांकन. आपल्या नाशिकच्या द्राक्षांना किंवा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला मिळाले तसेच. ऑगस्टमध्ये लसणाचा उत्सव असतो, गुलाबी लसणाचे सार करण्याची चुरस लागते. येथेही पाहुणे येतात. पण ते आले नाहीत, तरी हिवाळ्यात शेतात माणूस असतो, ट्रॅक्टरचा आवाज असतो. माथा आणि पायथा यांचे नाते तुटलेले नाही. प्रवाशाने केवळ माथा पाहून परतू नये. गायाकच्या द्राक्षमळ्यांतून, सूर्यफुलांच्या शेतांतून, खत म्हणून विष्ठा मिळावी यासाठी बांधलेल्या कबुतरखान्यांवरून, ग्रेझीन्यच्या ओक-अरण्याच्या कडेने हिंडावे. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने ते अरण्य आरमाराच्या लाकडासाठी राखून ठेवले होते. गावे माथ्यावर का बसली याचे दुसरे कारण अशा भटकंतीत कळते. खालची काळी, सुपीक जमीन घरांत वाया घालवायची नव्हती.

श्रोतेहो, गावात तरुण राहतात की नाही, हे ओळखायचे साधन फ्रान्समध्येही शाळाच. मुले घटली, की वर्ग बंद करण्याचा प्रस्ताव येतो. तो दरवर्षी येतो, आणि दरवर्षी कोठे ना कोठे पालक शाळेच्या फाटकावर फलक घेऊन उभे राहतात. अनेक गावांनी तोडगा काढला आहे: तीन-चार गावांची मिळून एक शाळा. लहान वर्ग एका गावात, मधले दुसऱ्या, वरचे तिसऱ्या. आणि सकाळी एक बस टेकड्यांवरून मुले गोळा करत, वाटत फिरते. आल्प्सच्या पायथ्याच्या क्रेत-आं-बेल्दोन या गावात २०१९ साली एक वर्ग पटसंख्येअभावी जाणार होता. तेव्हा पालकांनी पंधरा मेंढ्यांची नावे जन्मदाखल्यांसकट हजेरीपटावर घातली. मेंढ्या शाळेत हजरही झाल्या. हसू येते, पण ज्याने कधी पटसंख्येचा तक्ता भरला आहे, त्याला त्या हसण्यामागचे काय ते कळते.

यापुढची गोष्ट भाषेची. आणि ती सांगितल्याशिवाय ही गावे पाहिली असे म्हणता यायचे नाही.

या मुलुखाची मूळ भाषा फ्रेंच नव्हे. ती ऑक्सितान. 'होय' या अर्थी 'ओक' म्हणणाऱ्यांची भाषा. लांगदोक हे प्रांताचे नावच त्यातून आले. बाराव्या शतकात त्रुबादूर कवींनी याच भाषेत प्रेमकविता रचल्या आणि साऱ्या युरोपने त्यांचे अनुकरण केले. कोर्दचे पंच, विणकर, विहीर खोदणारे मजूर हीच भाषा बोलत. नकाशात ती अजून जिवंत आहे: प्युइसेल्सीतले 'प्युइ' म्हणजे डोंगर, 'कास्तेल्नो' म्हणजे नवा कोट, पलीकडचा 'सेगाला' प्रदेश म्हणजे राय धान्याची जमीन. नावे उरली, ती उच्चारणाऱ्याला अर्थ ठाऊक असतोच असे नाही.

१५३९ साली राजाच्या फर्मानाने न्यायालयीन कागदपत्रे फ्रेंचमध्ये आली. क्रांतीनंतर, १७९४ मध्ये, आबे ग्रेग्वार याने या बोली नष्ट करण्याची गरज प्रतिपादणारा अहवाल राष्ट्रसभेपुढे ठेवला. तो दुष्ट मनुष्य नव्हता. गुलामगिरीविरुद्ध आणि ज्यूंच्या हक्कांसाठी लढलेला तो माणूस. एक देश, एक कायदा, एक भाषा असल्याखेरीज गरिबाला न्याय मिळणार नाही असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. १८८१-८२ मध्ये जूल फेरी यांच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले. ही फ्रान्सची थोर कमाई. पण त्याच वर्गांत एक रीत चालली, जी कायद्यात कोठेच लिहिलेली नव्हती. वर्गात किंवा मैदानावर घरची भाषा बोलताना मूल सापडले, की त्याच्या हाती किंवा गळ्यात एक खूण दिली जाई: लाकडाचा तुकडा, जुना खडावा, असे काही. त्या मुलाने दुसऱ्या बोलणाऱ्याला पकडावे आणि खूण त्याच्याकडे सोपवावी. संध्याकाळी ती ज्याच्याकडे उरे, त्याला शिक्षा. मुलांनाच मुलांवर पहारेकरी नेमण्याची ही युक्ती होती. कोणत्याही शिक्षकाला ती वाचून लाज वाटावी.

तरी सारा दोष त्या गुरुजींच्या माथी मारणे बरोबर नव्हे. ते बहुधा त्याच मातीतले, त्याच भाषेत वाढलेले असत. फ्रेंचमुळे पोराला टपाल खात्यात, रेल्वेत जागा मिळते हे त्यांनी पाहिले होते, आणि ते खरे होते. शेवटचा घाव शाळेने घातलाच नाही. तो घातला पुढच्या पिढीच्या आईबापांनी, जेव्हा त्यांनी मायेपोटी ठरवले, की आपण एकमेकांशी काहीही बोलू, लेकरांशी मात्र फ्रेंचच बोलायचे. महाराष्ट्राबाहेरच्या गावात मराठी शाळेचा प्रवेश-अर्ज हातात घेऊन जूनमध्ये क्षणभर घुटमळणाऱ्या आई-वडिलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. ते घुटमळणे प्रेमाचेच असते, आणि त्यात अवघड ते हेच.

१९०४ साली फ्रेदेरिक मिस्त्राल या कवीला प्रोव्हांसच्या ऑक्सितानमधील काव्यासाठी नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला, म्हणजे ही भाषा अशिक्षितांची बोली नव्हती हे जगाने मान्य केले. शाळांचे दार मात्र १९५१ च्या कायद्याने कुठे थोडे किलकिले झाले, तेही ऐच्छिक विषयापुरते. मग १९७९ साली पो या गावी काही पालकांनी स्वतःच एक शाळा काढली. नाव ठेवले 'कालांद्रेता', म्हणजे छोटा चंडोल. तेथे खेळ, गणित, भूगोल सारे ऑक्सितानमधून. फ्रेंच हळूहळू जोडीला येते आणि वरच्या वर्गांपर्यंत मुले दोन्ही भाषांत तरबेज होतात. अशा शाळा आता दक्षिणेत अनेक आहेत, आल्बीतही आहे. २०२१ मध्ये संसदेने अशा शिक्षणाला मान्यता देणारा कायदा केला. संविधान परिषदेने त्यातले हे कलम रद्द ठरवले, कारण प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे असे संविधान म्हणते. शाळा बंद पडल्या नाहीत, पण प्रश्नही मिटला नाही. गंमत अशी, की त्यांत मूल घालणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांना स्वतःला ती भाषा येत नाही. त्यांच्या आजी-आजोबांना येत होती. मुले गृहपाठाला बसली, की आई शिकते.

या जिल्ह्यात एक शिक्षक होऊन गेला. त्याचा जन्म १८५९ चा, तार्नमधल्याच कास्त्र गावचा. तरुणपणी तो आल्बीच्या विद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत असे. नाव जाँ जोरेस. पुढे तो फ्रान्सचा थोर समाजवादी नेता झाला. तार्नच्या खाणकामगारांचा आणि काचकामगारांचा कैवारी. आणि १९१४ च्या जुलैअखेर, युद्ध टाळण्याची धडपड करत असताना, पॅरिसमध्ये त्याला गोळी घातली गेली. त्या स्तंभांवरच्या नावांपैकी कित्येक नावे कदाचित कोरावीच लागली नसती, जर त्याचे ऐकले गेले असते. शेतकऱ्यांच्या सभेत तो ऑक्सितानमध्ये बोले. १९११ साली त्याने लेख लिहून आग्रह धरला, की दक्षिणेतल्या प्राथमिक शाळांत मुलांना घरच्या भाषेची फ्रेंचशी तुलना करून दोन्ही शिकवाव्यात. त्याने बुद्धी तल्लख होते, फ्रेंचही अधिक चांगली येते. त्या वेळी कुणी फारसे ऐकले नाही.

कोर्दहून परतताना प्रवासी टेकडी उतरून पाच किलोमीटरवरच्या कोर्द-व्हेंद्राक या लहानशा स्थानकावर येतो आणि गाडीने तासा-दीड तासात तुलूझला पोचतो. तेथल्या भुयारी रेल्वेत प्रत्येक स्थानकाचे नाव दोनदा पुकारले जाते, आधी फ्रेंचमध्ये आणि लगेच ऑक्सितानमध्ये. दोन मार्ग जेथे एकमेकांना छेदतात, त्या गजबजलेल्या स्थानकाचे नाव जाँ-जोरेस. तेही दोनदा पुकारतात.